सीताफळाच्या ऐंशी काड्या

११ मार्च, सकाळी आठ. झरी जामणी तालुका, पोडाला, म्हणजे आदिवासी वस्तीला, लागून असलेलं वावर. हजर : तालुक्याहून आलेले तपासणीचे साहेब, वावराची मालकीण मावशी, तिचा दीर आणि मी, गावची रोजगार सेवक. गैरहजर : मावशीचा नवरा. तो मिरची तोडायला तेलंगणात गेला होता.

सरकारी फळबाग योजनेतून मावशीच्या मुरमाड वावरात मागच्या पावसाळ्यात सीताफळाची ऐंशी रोपं लागली. ती जगवण्यासाठी नाल्यावरून पाणी आणून घालायचं काम तिचंच, आणि त्या कामाची हजेरी माझ्याकडे. नियम सोपा होता. चारांतली तीन रोपं जिवंत असली तर काम पुढे चालू. ऐंशीत साठ. आकडा त्याखाली गेला की हजेरीपट बंद, मजुरी बंद, मावशी परवाच्या गाडीने नवऱ्यामागे मिरचीला, आणि पाण्याविना उरलेली रोपंही जाणार.

मला काळजी नव्हती. माझ्या वहीत सहासष्ट होती.

या दिवसांत सीताफळाला पान नसतं. जिवंत रोप काय, मेलेलं काय, दोन्ही जमिनीत खोचलेल्या काडीसारखी दिसतात. ओळखायचं तर साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. साहेब गाडीच्या किल्लीने खरवडत निघाले, मी मागून टिक करत.

पहिल्या तीन ओळी बऱ्या गेल्या. चौथ्या ओळीत लागोपाठ चार तपकिरी निघाली. त्या चारही रोपांसमोर माझ्या वहीत मागच्या सोमवारी ‘जिवंत’ लिहिलेलं होतं. माझा पेन थांबला.

“लिहा,” साहेब म्हणाले.

मावशीचा दीर बांधावर बसून तंबाखू मळत होता. “ताईच्या वहीत झाडं जगते, वावरात मरते,” तो म्हणाला. “वहीलेच पाणी टाका आता.”

“तू चूप बैस,” मावशी त्याच्यावर खेकसली. “एक घागर तरी आणली काय तू?”

शेवटच्या ओळीपर्यंत सत्तावन्न झाली. मी दोनदा बेरीज केली. सत्तावन्नच.

साहेब एका मेलेल्या काडीपाशी वाकले. “हे कोणी केलं?” सालीवर एकाखाली एक सात-आठ ओरखडे होते, वाळून काळे पडलेले.

“बकरी लागली असंल साहेब,” मावशी घाईने म्हणाली.

“बकरी एकाच बाजूने, ओळीने, प्रत्येक झाडाला?”

मावशी माझ्याकडे पाहत नव्हती. तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून ठाऊक आहे. जानेवारीत पानं गळायला लागली तेव्हापासून दर सोमवारी मीच ऐंशी रोपांना नख लावत आले होते. वहीत दर सोमवारचा रकाना भरलेला हवा म्हणून. पेन्सिलीएवढ्या जाडीची रोपं ती. दर आठवड्याला सोललेली.

“मी केलं,” मी म्हणाले. “तपासायला.”

दीर तंबाखू मळायचा थांबला.  साहेबांनी गुडघे टेकले, आळ्यातली माती बोटांनी बाजूला केली आणि बुंध्याशी, मातीखाली, किल्लीचं टोक टेकवलं. हिरवं होतं.

“वरून वाळलंय. खालून फुटेल किंवा फुटणारही नाही.” बाकीचीही तशीच तपासून, माझ्या वहीत जिवंत पण किल्लीला तपकिरी निघालेली नऊ त्यांनी वेगळी लिहिली. “यांना जिवंत म्हणता येत नाही, मेलेलं लिहवत नाही. पंधरा दिवसांनी बघू. तोवर हजेरी थांबवा.”

“अन् पाणी?” मावशीने विचारलं.

“पाणी तुमच्या मर्जीने.”

साहेबांची गाडी मुकुटबनच्या रस्त्याला लागल्यावर मी मावशीला म्हणाले, “तेव्हाच काहून नाही सांगितलं मले?”

“तुले काय सांगू? तू शिकेल-सवरेल बाई. मले वाटे, असंच राहत असंल सरकारचं.” तिने घागर उचलली. “आता नख लावजो नको, बस.”

तिसऱ्या दिवशी मिरचीला नेणारी गाडी आली आणि गेली. मुकादमाने दोनदा हॉर्न दिला. मावशी नाल्यावर होती. त्या दिवसापासून सकाळच्या दोन खेपा मी आणते. त्या कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

आज तेरावा दिवस. नऊपैकी तीन रोपं फुटली तर साठ होतील. दोन रोपांच्या बुंध्याशी कोंब आले आहेत, ते मावशीनेच दाखवले. चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या आळ्यात मला सकाळी काहीतरी हिरवं दिसलं. गवतही असेल. वाकले, हात पुढे गेला, मागे घेतला. उठले आणि दुसरी खेप आणायला गेले.

फेरतपासणीसाठी साहेबांना फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.