काळं पडलेलं तिकीट

आमच्या घरी कागद जपायचा म्हणजे लॅमिनेट करायचा. दहावीच्या गुणपत्रिकेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत माझा एकेक कागद बाबांनी नागपुरात प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवला होता. इकडे अमेरिकेत, नोव्हाला येऊन इतकी वर्षं झाली, तरी ती खोड माझ्यात आहेच. घरात मशीनच घेऊन ठेवलंय.

शेजारचे अमेरिकन आजोबा एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते बुटांचा खोका घेऊन आले. आत बेसबॉलची जुनी तिकिटं, गेटवर फाडून उरलेले अर्धे तुकडे. मला असल्या कोड्यांचा भारी नाद! तुकड्यावर वर्ष नसलं तरी समोरची टीम असते, वार असतो, मागे जाहिरात असते. जुनी वेळापत्रकं काढून जुळवत बसायचं, की तारीख सापडते. तारखेवरून किंमतही कळते. एका तुकड्याला बरा भाव निघाला, म्हणून मी नाचतच सांगायला गेले. आजोबा म्हणाले, "तो तूच ठेव."

त्यांना एकाचीच पडली होती. तो त्यांनी शर्टाच्या खिशातून काढून माझ्या हातात दिला.

"बायकोबरोबरची शेवटची मॅच. नंतर ती अंथरुणाला खिळली. दिवस कोणता होता तेवढं शोधून दे. माझ्या लक्षात राहायला हवा होता गं, नाही राहिला."

छपाई पार फिकी झाली होती. म्हटलं, आधी जपून ठेवू, मग निवांत वाचू. मी मोठी शहाणी! साधा फोटोसुद्धा काढला नाही. मशीनमध्ये घातला आणि दुसऱ्या बाजूने काळाकुट्ट होऊन बाहेर आला. दुकानातल्या पावतीचा असतो तसला कागद होता तो, उष्णतेने काळा पडणारा.

नवरा म्हणाला, "अगं, आधी त्यांना विचारायचंस तरी!" मी त्याच्यावरच खेकसले आणि मग ओट्याला टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आजोबांकडे गेले. त्यांनी ती काळी पट्टी खिडकीपाशी धरून खूप वेळ बघितली.

"असू दे," ते म्हणाले. "पण तारीख लागली ना?"

नाही म्हणायचं होतं, देवाशप्पथ नाहीच म्हणायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी हो म्हणाले, आणि जूनमधला एक शनिवार ठोकून दिला. त्यांनी लगेच कॅलेंडरवर गोल केला.

यंदाही त्या तारखेला त्यांनी मला बोलावलं. अंगणात तीन खुर्च्या मांडल्या होत्या, एक रिकामीच. हॉटडॉगवर मस्टर्ड घालून माझ्या हातात देत म्हणाले, "ऊनसुद्धा अगदी त्या दिवशीसारखं पडलंय बघ."

मी म्हटलं, "हो, अगदी तसंच."