मातीतले आप्पा, काठावरचे आप्पा

जत्रा आटोपून घरी आलो की बायको पिशवी चाचपते, रेवड्या आणल्या का बघायला. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो की मित्र माझा चेहरा चाचपतात, किस्सा आणलाय का बघायला! रेवड्या दोन दिवसांत संपतात. किस्से मात्र साठत जातात, आणि एक काढायला जावं तर त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो.

मी बस स्टँडवर कंट्रोलर होतो. रिटायर झालो तेव्हा आवाज तेवढा शिल्लक होता. तो आता कुस्त्यांच्या जत्रेत माईकवर खर्च करतो. या नादाला मला लावलं आमच्या आप्पांनी. आप्पा म्हणजे एके काळचे वणीकडचे नामी पैलवान, आता नाशिकला पंचवटीत राहतात. ढाक हा त्यांचा डाव. समोरच्याचा हात काखेत आवळला, कमरेत वाकले, की गडी थेट पाठीवर! पुढे गुडघ्याने दगा दिला आणि आप्पा मातीतून काठावर आले. आता जत्रेत जोडी लावणं हे त्यांचं काम. गावोगावचे पैलवान रांगेत उभे राहतात. आप्पा त्यांची मान बघतात, कान बघतात, पोटऱ्या बघतात आणि दोघांना मनगटाला धरून समोरासमोर आणतात. दोघं कबूल झाले की त्यांचे हात वर करायचे आणि आखाड्याला एक फेरी मारायची. झाली जोड पक्की!

मी एकदा विचारलं, "आप्पा, खेळणं अवघड की खेळवणं?"

"खेळनं सोपं हो! तवा एकाला पाडलं की काम झालं. आता सगळ्या गावाला उभं ठेवायचं, आन् कुनी धडपडलं तर शिव्या मला!"

*

माझा माईकवरचा पहिला दिवस. दिंडोरीकडची जत्रा. माईक हातात आला आणि तोंडाला जन्माची सवय! मी खणखणीत आवाजात म्हणालो, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! कळवणचे पैलवान आखाड्यात लागलेले आहेत!"

सगळा आखाडा हसायला लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "सुटनार कवा?" मला वाटलं, आता माईक इथेच ठेवावा आणि सरळ घर गाठावं.

तेवढ्यात सलामी झाली. कळवणच्या पैलवानाने पायाला हात घालून पट काढला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरचा चितपट! आप्पा माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओ कंट्रोलर, तुमची गाडी आज पहिल्यांदा टायमावर सुटली!"

तेव्हापासून माझं नाव कंट्रोलर. बारशाचं नाव आप्पांना आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

*

जोडी लावायची सवय काही आखाड्यापुरती राहत नाही. आप्पा कुठेही जोडी लावतात. दवाखान्यात बसले तरी माझ्या कानात सांगतात, "तो खोकलेवाला आन् हा पट्टीवाला. बराबरीची हाय."

एकदा आम्ही एका लग्नाला गेलो होतो, इथेच, गंगापूर रोडला. वरात उशिरा आली म्हणून दोन्ही व्याही मांडवाच्या दारातच एकमेकांवर धावून गेले. एक म्हणतो मुहूर्त टळला, दुसरा म्हणतो तुमच्या बँडवाल्याने टाळला. बायका घाबरल्या. गुरुजी मंगलाष्टकांचा कागद हातात घेऊन गप्प उभे.

आप्पा पुढे झाले. भांडण सोडवायला म्हणूनच झाले, यात शंका नाही. दोघांची मनगटं धरली, "शांत व्हा, शांत व्हा" म्हणाले आणि हाताला जी सवय होती ती हाताने केली! दोघांचे हात वर केले आणि मांडवाला फेरी सुरू! व्याही इतके गोंधळले की मुकाट चालू लागले. बँडवाल्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. त्यांनी जोरात वाजवायला घेतलं.

फेरी पूर्ण झाली तेव्हा वऱ्हाड हसून हसून खुर्च्यांवर आडवं झालं होतं. मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "अहो, पण लढायचं कशावर?"

आप्पा म्हणाले, "आता जिलबीवर!"

*

काठावरचं काम म्हणजे काय, ते मला एका चैत्रात कळलं. शेवटच्या कुस्तीचा पैलवान आखाड्यात येईना. शोधलं तर पैलवान उतरले होते त्या शाळेच्या वर्गात, बाकांवर आडवा! उपास होता, म्हणून गड्याने साबुदाण्याची अर्धी कढई रिकामी केली होती आणि गाढ झोपला होता. बाहेर लोक टाळ्या पिटताहेत, मी माईकवर "आलेच, आलेच" म्हणतोय.

आप्पांनी त्याला उठवलं, तोंडावर पाणी मारलं, खिडकीत वाळत घातलेला लंगोट आणून दिला, पाठीला तेल चोळलं आणि बाहेर पाठवलं. तो जिंकलाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आप्पा रिकामी तेलाची बाटली घेऊन वर्गाच्या दारातच उभे.

मला राग आला. मी म्हणालो, "तुमचं नाव तरी घेतलं का त्याने?"

"न्हाय घेतलं. मी खेळायचो तवा मला बी लंगोट वाळलेला मिळायचा, कंट्रोलर. कोन वाळवायचं, मी कवा इचारलं?" आणि मग हसले, "आता कळलं. तवा बी काठावर कुनीतरी आप्पाच आसनार!"

एवढ्या समाधानाने मागे उभा राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

पण आप्पांची एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती ते लपवत नसत. नलूवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांची एकही कुस्ती पाहिली नव्हती. त्या काळी बायका कुस्त्यांना जात नसत. फेटे घरी आले, गदा घरी आली, पण ढाक काही घरी नेता येत नाही!

मी वहिनींना म्हणालो, "तुम्हाला आप्पांची कुस्ती माहीतच नाही म्हणायची."

"कशी नाय, भाऊजी? आंगुळीला पानी काढायला मीच हुते ना! छातीला माती असली की जिंकले. पाठीला असली की हारले. तोंडानं काय सांगायचे ते येगळं!"

आप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

*

मग मुलींच्या कुस्त्या सुरू झाल्या आणि आप्पांची पंचाईत झाली. परक्या पोरीचं मनगट धरायचं कसं? पहिल्या वर्षी हात जोडून उभे, "ताई, जरा हिकडं ऱ्हाता का? ताई, तुमी तिकडं?" अशाने कसली जोड लागते! बँकेत टोकन वाटल्यासारखं चाललं होतं.

शेवटी सटाण्याकडची एक धिप्पाड पोरगी वैतागली. स्वतःच मनगट पुढे करून म्हणाली, "हात धर ना आप्पा, तू ते मना आजा शेस!"

तू तर माझा आजा आहेस, असं नातच म्हणाली म्हटल्यावर आप्पांनी हात धरला. फेरी मारताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते सगळ्यांना सांगत होते, माती गेली म्हणून!

*

आता यंदाचं ऐका. जत्रांचा सीझन संपला की आप्पांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलायची ठरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर मातीत पाऊल नाही. आप्पांच्या मनातलं मला कळत होतं. वहिनींनी बघायचं राहिलं ते आता कायमचंच राहणार.

आणि कळवणकडच्या जत्रेला वहिनी आल्या! आप्पांसाठी नव्हे, बहिणीची नात खेळणार होती म्हणून. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसल्या. नात जिंकली तेव्हा पदर सावरायचं विसरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. कोणाला न विचारता माईक उचलला.

"मंडळी, शेवटच्या कुस्तीआधी आपले आप्पा आपला ढाक डाव दाखवणार आहेत!"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की कच्चा खातील. पण शिट्ट्या सुरू झाल्या, टाळ्या सुरू झाल्या. आप्पांनी एकदा बायकांच्या बाजूला बघितलं आणि शर्ट काढून पंचांच्या हातात दिला.

समोर आला शेवटच्या कुस्तीचा हरी पैलवान, आप्पांच्या दुप्पट. आप्पांच्या पाया पडला आणि पडता पडता हळूच विचारलं, "आप्पा, दुखरा गुडघा कंचा?"

"डावा."

"मंग उजव्या अंगानं घ्या."

हे मी ऐकलं, कारण माईक घेऊन मी शेजारीच होतो. बरं झालं, माईक तेवढा बंद केला होता.

सलामी झाली. आप्पांनी हरीचा हात काखेत आवळला, कमरेत वाकले, आणि एवढा मोठा गडी हवेत जाऊन धाडकन पाठीवर! माती उडाली. लोक उठून नाचायला लागले. आप्पांना फेटा बांधला. मी माईकवर काय काय ओरडलो ते मलाच आठवत नाही. 

परत येताना माझ्याच गाडीत होतो. वहिनी मागे, आप्पा पुढे माझ्या शेजारी. फेटा छताला लागत होता, पण काढायला तयार नाहीत! वणी आली. शेवटी आप्पांनाच राहवेना.

"काय मंग? बघितलं का?"

"बघितलं की."

"कसा वाटला डाव?"

वहिनी म्हणाल्या, "चांगला हुता. पन तुमी वढायच्या आधीच त्यानं पाय उचलला. डोळे बी मिटून घेतले हुते. पोरगं आपलं आपनच पडलं."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि नजर रस्त्यावरून हलवली नाही. आप्पांकडे बघायची छातीच होईना.

 मग माझ्या मांडीवर जोरात थाप पडली. बघतो तर चेहरा नुसता फुललेला!

"बघा, कंट्रोलर! येवढी गर्दी, येवढा गोंगाट... पन हिनं पापनी सुदिक लवू दिली नाय!"