उरलेल्या बोकडाची पैदास

आमच्या संस्थेच्या शेळीपालनाच्या पत्रकातला पहिला नियम माझ्या हातचा आहे. 'कळपातला सर्वांत चांगला नर पैदाशीसाठी राखून ठेवा.' ठळक अक्षरात, खाली रेघ मारून. नियम चुकीचा नाही, आजही नाही. पण पेणच्या खाडीकाठच्या एका आळीत तो मी ज्या रीतीने नेऊन आदळला, त्याचा मला अजून राग येतो. थोडा स्वतःचा येतो, बाकीचा इतरांचा. सगळा स्वतःवर घ्यायची माझी तयारी नाही, हे आधीच सांगते.

मी रोह्याजवळच्या वरशाची. कृषी पदविका झाली आणि चिकटले संस्थेला. सकाळी एसटी धरायची, वडखळला उतरायचं, तिथून रिक्षात कोंबून घेऊन खाडीकडे. खांद्याला पत्रकांची पिशवी. या आळीतली माणसं एके काळी मिठागरावर जायची. मिठागर बंद पडलं, पुरुष मिळेल त्या कंपनीत कंत्राटावर गेले आणि बायकांच्या बकऱ्या, ज्यांना आधी कोणी धंदा म्हणत नव्हतं, त्यांच्यावर घर चालायला लागलं.

तिथे पहिल्याच दिवशी वहिनी भेटली. वहिनी मी तिला नंतर म्हणायला लागले, पण इथे तेच नाव चालू दे. पस्तिशीची, बारीक, तोंडाने फटकळ. दारात बसली होती. हाताच्या ओंजळीत दोन दिवसांचं करडू होतं आणि ते मेलेलं होतं.

"बघ गो," ती म्हणाली, "ह्यो उंदीर हाय का करडू?"

तीन वर्षं हेच चाललं होतं. बकरी एकच करडू देणार, तेही मुठीएवढं, त्यातलं अर्धं जगणार. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बाप कोण याचा?"

तिने हनुवटीने गटाराकडे दाखवलं. तिथे एक बोकड उभा होता. पाठ खोलगट, मागचे पाय आत वळलेले, कातडीवर टक्कल. प्लॅस्टिकची पिशवी चघळत होता.

"हा?"

"व्हय. माझ्या जावंचा."

"याच्यापेक्षा बरा एकही बोकड नाही आळीत?"

"बरा कसा ऱ्हाईल? बरा बडवतात ना!"

तिला ते इतकं उघड वाटत होतं की मी बावळट ठरले. हिशोब असा: होळी झाली की एक म्हातारा आळीत येतो आणि बोकड बडवून देतो, म्हणजे खच्ची करतो. जो अंगाने भरणार, ज्याच्यावर व्यापाऱ्याची नजर आहे, तो आधी. खच्ची बोकड शांत राहतो, चरबी धरतो, मटण कोवळं निघतं, वास येत नाही. आषाढात, गटारीच्या आधी, व्यापारी येऊन कंबर चाचपून घेऊन जातो. मागे काय उरतं? ज्याला बडवण्याचेसुद्धा कष्ट कोणी घेत नाही तो. ज्याला गिऱ्हाईक नाही, तो बाप होतो. पुढच्या वर्षी त्याच्या पोरींना तोच, किंवा त्याचा तसलाच खुरटा पोरगा. आणि मग आपण म्हणायचं, कोकणात बकरी होत नाही, हवा दमट आहे.

मी त्या दिवशी घरी तणतणत आले. रविवार होता. वडील, निवृत्त शिक्षक, मटण घेऊन नुकतेच आले होते आणि आईला सांगत होते, "खस्सीचंच आहे, समोर उभं राहून घेतलं."

मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळे गावातला प्रत्येक चांगला बोकड बाप व्हायच्या आधी संपतो."

"मग काय वास मारणारं खायचं?"

"वास वयाचा असतो आणि माजाचा. लहान बोकडाला नसतो."

"बरं," ते म्हणाले, "आणि चिवट निघालं तर तुझं पत्रक शिजवू का?"

मी जेवले. दोनदा वाढून घेतलं. लिहायचंच तर हेही लिहायला हवं.

दिवाळीच्या सुमारास वहिनीकडे चमत्कार झाला. ती माहेरहून, रोह्याच्या वरच्या डोंगराकडून, एक गाभण बकरी घेऊन आली होती. ती व्याली. काळा नर, पुढचे दोन्ही पाय पांढरे. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावरून उड्या मारायला लागला. यात चमत्कार काही नव्हता. त्याचा बाप गटाराकाठचा नव्हता, एवढंच. मी तिला तेच समजावलं. हा ठेव, बडवू नकोस, वर्षाचा होऊ दे, मग तुझ्या सहाही बकऱ्या याच्याकडून फळव. एका पिढीत फरक दिसेल.

तिचा नवरा रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत म्हणाला, "ह्योच तर इकायचा हाय. ह्यो ठेवला तर इकायचा काय, तिचं पत्रक?"

पण होळीनंतर म्हातारा आला, तेव्हा मी तिथे होते. अख्ख्या आळीत करडांची ओरड चालली होती. वहिनीने काळ्याला आत घेतलं, दार लावलं आणि खिडकीतून ओरडली, "माझ्याकडं काय नाय बाबा, जा तू!" आत करडू ओरडतंय, बाहेर म्हातारा हसतोय. त्या दिवशी मला वाटलं, झालं. जिंकलो आपण. मी फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. त्यावर अंगठे आले.

पत्रकातला चौथा नियम होता: 'पैदाशीचा नर माद्यांपासून वेगळा बांधावा, माजाच्या वेळीच सोडावा.' मी तो तिला वाचून दाखवला. दोनदा वाचला, कारण ती नीट ऐकत होती आणि ऐकणारं माणूस मिळालं की मला चढतं.

तिने तो नियम अक्षरशः पाळला. घरामागे बांबूचा माच केला, जमिनीपासून हातभर वर, वर निळं प्लॅस्टिक. चार महिने पाऊस कोसळला, बांधावर चरणाऱ्या बकऱ्यांचे खूर चिखलात कुजले, त्या हगवणीने रोडावल्या; हा वर कोरडा. शेवरीचा पाला डोक्यावरून आणायची. वालाच्या शेंगांचा भुसा उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवला होता, तो मूठ मूठ द्यायची. इतर बकऱ्या खाडीत शिरून तिवराचा पाला खायच्या, खारट, हवा तेवढा, आणि पोट फुगवून यायच्या. याला तिने तो लावलाच नाही.

भाद्रपदात तो माजावर आला आणि स्वतःच्या दाढीवर मुतायला लागला. बोकड तेच करतो, पण ते शेजाऱ्यांना कोण सांगणार? जाऊ भिंतीपलीकडून ओरडली, "अगो, तुझा नवरदेव धू जरा! आमचा भात आत जात नाय!"

"तुझ्यावाल्याला तर वास पण नाय," वहिनी म्हणाली. "मेलाय का जिता हाय, कलत नाय."

नवरात्र झालं. काळा वर्षाचा व्हायला आला होता. वहिनीने त्याला माचावरून उतरवला, मी मुद्दाम गेले होते, आणि सहा बकऱ्या अंगणात उभ्या केल्या. काळ्याने पहिलीला हुंगलं, ओठ वर केला, दुसरीकडे गेला, तिसरीकडे गेला. एकीनेही त्याला जवळ येऊ दिलं नाही. माहेरच्या बकरीने, म्हणजे त्याच्या आईने, तर शिंग मारलं. बरंच झालं, तिला वेगळी काढायचं मलाही सुचलं नव्हतं. वहिनी खाली बसली, एकेकीच्या पोटाखाली हात घातला आणि तिथेच बसून राहिली.

"काय झालं?"

"भरल्यात. सगळ्या."

"कुठे? कोणाकडून?"

"बांधावर. दुसरं कुठं?"

ही गोष्ट मला वर्षभर डोळ्यांसमोर दिसत होती. त्या आळीत बकऱ्यांची पाळी असते. रोज एक घर सगळ्या आळीच्या बकऱ्या एकत्र करून खारबंदीवर, म्हणजे खाडीच्या बांधावर, चरायला नेतं. आज हिची पाळी, उद्या तिची. सगळ्यांच्या बकऱ्या, सगळ्यांचे उरलेले बोकड, एकच कळप. मी त्या कळपामागून कितीदा चालले असेन! छान दिसतो म्हणून त्याचाही फोटो काढला होता. आणि वहिनीला सांगत होते, तुझा चांगला नर वेगळा बांध. तिने बांधला. खुरट्यांना रान मोकळं झालं.

मी तरीही तिच्यावरच ओरडले. "पण तुम्ही बकऱ्या सोडल्याच का?"

ती उठली. "मग काय घरात बसवून पूजा करू त्यांची? तुझ्या कागदात लिवलंय, बोकड बांध. बकऱ्या बांध असं कुठं लिवलंय, दाखव!"

नव्हतंच लिहिलं. पत्रक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक गोठा होता, एक मालक, एक दावण. कुठून तरी कोरड्या मुलखातून उचललेलं चित्र. मी संस्थेतल्या साहेबांना सांगितलं, चौथा नियम काढा, इथे नर हा आळीचा असतो, घराचा नाही. साहेब म्हणाले, "पत्रकं छापून झालीत. पुढच्या छपाईला बघू. तोवर वाटत राहा." वाटत राहा! चूक आहे हे कळल्यावरही वाटत राहायचं, कारण गठ्ठे कपाटात जागा अडवतात.

मग मी देवळासमोर बायकांची बैठक घेतली. सरळ बोलले, म्हणजे माझ्या भाषेत सरळ. आळीतले तिन्ही खुरटे बडवा, म्हणजे काळा सगळ्यांच्याच बकऱ्यांना चालेल, फुकट. जाऊ म्हणाली, "बडवताना मेला म्हंजे? तेवढा जीव हाय का त्याच्यात? मेला तर तू देशील दुसरा?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मी चिडून म्हणाले, मग उंदीरच पाळा. हे बोलायला नको होतं. बैठक तिथेच मोडली.

वहिनीचा नवरा रोज म्हणत होता, काळ्याला काढ आता. व्यापारी येऊन नाक धरून गेला. या वयाचा न बडवलेला बोकड म्हणजे त्याला नको तो माल. एका अर्थाने माझ्या सल्ल्याने वहिनीचा एकुलता एक विकाऊ नर बिनकामाचा झाला होता, विकायला आणि फळवायलाही. होळीला बकऱ्या व्यायल्या. पुन्हा उंदीर. दोन मेले. पुढचा माज उन्हाळ्याच्या शेवटी येणार, आणि काळा त्यातही फुकट गेला तर नवरा त्याला ठेवणार नाही, हे तिने मला तोंडावर सांगितलं.

उपाय तिनेच काढला. भातकापणीनंतर घाटावरचे धनगर आमच्याकडच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायला येतात. त्यांच्या नर मेंढ्याच्या पोटाखाली तिने कधी काळी फडकं बांधलेलं पाहिलं होतं. खताच्या पोत्याचे तीन तुकडे कापले, कडा दुमडून शिवल्या, आणि सकाळी कळप जमायच्या जागी जाऊन तिन्ही खुरट्यांच्या पोटाखाली झडपा बांधल्या. चरू दे, हिंडू दे, चढू दे. पुढे काही होणार नाही. कोणाचा बोकड मरणार नाही, कोणाला काही सोडावं लागणार नाही. पदविकेच्या तीन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

आळी पोट धरून हसली. "लंगोट नेसवला गो, लंगोट!" जाऊ सगळ्यांत मोठ्याने हसली. वहिनी रोज पहाटे बांधायची, संध्याकाळी सोडायची, पाळी कोणाचीही असो. काळा पहिल्यांदाच कळपाबरोबर बांधावर गेला. त्याच्या आईला मात्र तिने घरीच बांधून ठेवलं आणि तिला नंतर माहेरी नेऊन फळवायचं ठरवलं. चार दिवसांत दोन बकऱ्या त्याच्याकडून फळल्या. मग तिसरी.

आठव्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी दारात पोत्याचा एक तुकडा घेऊन बसली होती. कालची पाळी जावेची. तिने बांधावर स्वतःच्या बोकडाची झडप सोडली होती. उरलेल्या दोन्ही बकऱ्या कालच माजावर होत्या.

"मुद्दाम सोडली," मी म्हणाले. "येते मी विचारून."

"घासत होती म्हणती. जखम झालीय."

मी जाऊन पाहिलं. गटाराकाठच्या त्या बोकडाच्या पोटाला खरंच सोललेलं होतं, रुपयाएवढं, लाल. दोर माझ्यासमोरच बांधला होता आणि तो घट्ट आहे हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. तरी मला भांडायचं होतं. दोन बकऱ्या म्हणजे पुन्हा दोन उंदीर, पुन्हा वर्ष. मी परत येऊन म्हणाले, "जखम झाली तर सैल करायची, सोडायची कशाला? तिला कळत नाही का? मी बोलतेच."

वहिनीने माझा हात धरला, चांगला घट्ट.

"बस तू. उद्या बकऱ्या न्यायची पाळी कोणाची? तिच्या सासूची. परवा? तिच्या बहिणीची. तू भांडून वडखळला गाडीत बसशील. माझ्या बकऱ्या त्यांच्या हातात ऱ्हातील."

"म्हणजे सोडून द्यायचं?"

"तीन झाल्यात ना काळ्याच्या?"

"पाच व्हायला हव्या होत्या."

"व्हायला हव्या होत्या," ती म्हणाली, आणि आतून जुनं लुगडं आणून फाडायला लागली. पोत्याच्या कडेला आतून मऊ कापड शिवायचं होतं, जावेच्या बोकडाला घासू नये म्हणून. मला म्हणाली, धर हे टोक. मी दातओठ खात टोक धरलं.