वास नसलेला कॉड

शिमानुकी तोकुजीने अडतीस वर्षं योनेझावाच्या मासळी बाजारात खरेदीचं काम केलं. डोंगरातलं शहर, समुद्र लांब. येणारी प्रत्येक पेटी तो स्वतः उघडायचा, कल्ला उचलून आत नाक खुपसायचा, आणि मन भरलं नाही तर पेटी आली तशी रवाना करायचा. बाजारातले लोक त्याला पाठीमागे ‘परत-पाठव्या’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

हा संशय त्याने हौसेने पाळला नव्हता. एकोणीस वर्षांचा असताना एका दलालाने त्याच्या गळ्यात बांगड्यांच्या पेट्या मारल्या होत्या. वरचा थर ताजा, खाली तीन दिवसांचा माल. मालकाने त्याला सायकल देऊन घरोघरी माफी मागायला पाठवलं. एका म्हातारीने दार न उघडताच आतून सांगितलं, “माझा नातू अजून ओकतोय.” तेव्हापासून त्याने कुणाच्या शब्दावर मासा घेतला नाही.

निवृत्तीनंतर बायको फुसाए म्हणाली, “आयुष्यभर पेटीतला समुद्र पाहिला, आता खरा दाखवा.” मग दोघं मोसम धरून शोनाईच्या किनाऱ्यावर जाऊ लागली. वसंतात मासू नावाचा गुलाबी मांसाचा मासा, उन्हाळ्यात खडकावरची कालवं, आणि जानेवारीत कॉड. प्रवास फुसाएचा व्हायचा. तोकुजी मात्र मासे तपासत फिरायचा.

त्या जानेवारीत बसमधून उतरताना त्याने समुद्राकडे पाहिलं. लाटा अजून चांगल्याच उसळत होत्या.

“दोन दिवस बोटी बाहेर पडलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “आज ताटात कॉड आला तर विचार, कुठून आला.”

“आधी येऊ तर द्या,” फुसाए म्हणाली.

दोघं उतरली ते खानावळवजा घर मिनेको नावाच्या पन्नाशीच्या बाईचं होतं. चार खोल्या, स्वयंपाक तिचाच. संध्याकाळी सहाला तिने मातीचं भांडं मध्ये आणून ठेवलं. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रश्शात कॉडचे तुकडे, काळीज, पांढरी शुभ्र गाभोळी, वर खडकावरचं काळं शेवाळ. झाकण उघडताच वाफ उठली. तोकुजीने सवयीने तोंड पुढे नेलं आणि तसाच थांबला.

“हा कॉड कधीचा?”

“आजचा. दुपारी वारा पडल्यावर दोन बोटी जाऊन आल्या.”

“याला वास नाही.”

मिनेको हसली. “पाहुणे, ताज्या कॉडला वास आला तर लोक मला शिव्या घालतील.”

“ताज्यालाही वास असतो. समुद्राचा असतो, काळजाचा असतो. याला काहीच नाही. कशात तरी धुतलाय हा.”

मिनेकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. फुसाए खाली मान घालून जेवत होती.

“तुला येतोय वास?” त्याने विचारलं.

“येतोय की. मिसोचा येतोय, शेवाळाचा येतोय.”

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. फुसाएला परक्या घरी वाद नको असतो. ही त्या बाईची बाजू सावरते आहे, हे त्याने मनाशी पक्कं केलं. तो उठला, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि बादलीतलं कॉडचं डोकं बाहेर काढलं. डोळा स्वच्छ, कल्ले लालभडक. आता तर त्याला खात्रीच झाली, कुठेतरी पाणी मुरतंय. डोकं एका माशाचं आणि मांस दुसऱ्याचं, ही युक्ती त्याने बाजारात दोनदा पकडली होती.

“असं करा,” मिनेको शांतपणे म्हणाली, “उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर बंदरावर चला. तुमच्या हाताने मासा निवडा. मी तोच शिजवते.”

रात्री तो लोणचं-भात खाऊन झोपला.

सकाळी बंदराच्या शेडमध्ये बर्फावर कॉड ओळीने मांडले होते. कुठल्या पेटीकडे मिनेकोची नजर जाते ते पाहून त्याने मुद्दाम तिसरीच निवडली. बोटाने दाबलं, मांस घट्ट. कल्ला उचलला, लाल. मग नाक आत घातलं.

काही नाही.

त्याने दुसरा मासा घेतला, मग चौथा. मनात आलं, अख्खं बंदरच यात सामील आहे की काय. पण शेजारी डिझेलचं पिंप गळत होतं, पायाखाली तेलाचा ओघळ होता. एक खलाशी त्याच्या खांद्याला लागून सिगारेट ओढत होता. धूर डोळ्यांत झोंबला, नाकाला कळला नाही. तोकुजीने कापणीच्या फळीवरून काळजाचा तुकडा उचलला, चिरडला आणि बोटं नाकाला लावली. मग हात खाली आला तो तसाच राहिला.

मागे फुसाए उभी होती.

“तुला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“मागच्या हिवाळ्यात तुम्हाला ताप आला ना, तेव्हापासून. भात करपून घरभर वास झाला होता आणि तुम्ही चुलीशेजारी पेपर वाचत बसला होता.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर म्हणाला असता, हिला कुणीतरी शिकवलंय.”

तो खरंच तसंच म्हणाला असता. मग हलक्या आवाजात त्याने विचारलं, “उन्हाळ्यातली कालवं?”

“चांगली होती.”

त्या कालवांची टोपली, वास नाही म्हणून, त्याने दुकानदाराला चार गिऱ्हाइकांसमोर फेकायला लावली होती. त्या माणसाने वाद घातला नव्हता, टोपली उचलून कालवं समोरच्या गटारात ओतली होती.

मिनेकोच्या घरी परतल्यावर तोकुजी तिच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि कपाळ चटईला लावून म्हणाला, “माझं नाक गेलंय. काल मी तुम्हाला चोर ठरवलं.”

मिनेको क्षणभर गोंधळली. “उठा हो,” ती म्हणाली. “मासा नुसता पडून राहिला तर खरंच वास मारेल.”

त्या रश्शाचा त्याला खारटपणा तेवढा कळला. गाभोळी जिभेवर विरघळली ते कळलं. दोन वाट्या संपवून त्याने कालवांच्या दुकानदाराला पत्र लिहायला घेतलं आणि तीन कागद फाडले. चौथा टपालपेटीत टाकला. उत्तर आलं नाही.

योनेझावाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वास परत येईल किंवा येणारही नाही. प्रवास थांबले नाहीत. आता फुसाए आधी वास घेते आणि तो तिचा चेहरा निरखतो. एप्रिलमध्ये ती एका मासूला चांगला म्हणाली, तोकुजीला माशाचा डोळा गढूळ वाटला. हॉटेलवाल्याला बोलावलं, त्याने वास घेतला; तो अर्थातच चांगला म्हणाला. शेवटी दोघांनी अंडी मागवून जेवण उरकलं.

“नक्की चांगला होता?” बसमध्ये त्याने विचारलं.

“मला तरी चांगला वाटला,” फुसाए म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.