तीन ग्रॅमचं आमिष आणि होणारे सासरे

आता काय आणि कुठून सांगू? माणूस स्वतःच्या हाताने स्वतःलाच गळाला लावू शकतो का? मी लावलंय! तेही सानाच्या वडिलांसमोर.

सानाशी लग्न करायचं मी ठरवलं होतं. तिच्या अब्बांनी, म्हणजे परकारचाचांनी, 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं. चाचा मूळचे दाभोळचे, इथे आखातात जबल अली बंदराच्या गोदामात तीस वर्षं काढलेले. त्यांचा निरोप आला, "पोराला रविवारी सकाळी गळ टाकायला पाठव. बघू."

त्या 'बघू'नेच माझी झोप उडाली.

आठवडाभर व्हिडिओ पाहिले. जाळ्यांनी समुद्र ओरबाडायच्या मी आधीपासूनच विरोधात. त्यामुळे बारीक दोरी, हलकं आमिष, मासा आणि माणूस समोरासमोर, हा प्रकार मला तत्त्वतःच पटला! प्रश्न एकच, दोरी गुंडाळायचं रीळ कोणतं?

दुकानदार म्हणाला, "भाई, हल्का चारा है तो स्पिनिंग लो."

"वो तो बच्चे चलाते हैं!" म्हणत मी बेटकास्टर उचललं. काय देखणं रीळ ते!

रविवारी धक्क्यावर पोहोचलो, तर चाचांच्या हातात रंग उडालेलं स्पिनिंग रीळ. मला राहवतंय थोडंच?

"चाचा, हे नवशिक्यांचं. खरा नेम बेटकास्टरवरच बसतो."

"असं? मग दाखव."

मी रॉड मागे नेला आणि जीव खाऊन फेकला. आता ऐका. बेटकास्टरमध्ये अख्खं चाक फिरतं, आणि ते ओढायला आमिषाला वजन लागतं. माझं आमिष तीन ग्रॅमचं! ते पायाशीच पाण्यात पडलं, चाक मात्र सुसाट. रिळावर दोरीचं घरटं झालं! सावकाश सोडवायचं, तर मी चिडून हिसका दिला. आमिष पाण्यातून उसळलं, माझ्या मागे गेलं आणि... खच्! गळ पँटीत. पँटीत कसला, पँटीतल्या माणसात!

"काय झालं रे?"

"काही नाही. पाण्याचा अंदाज घेतोय."

"बस की." चाचांनी घडीची खुर्ची पुढे सरकवली.

"नको चाचा. मोठ्यांसमोर उभाच बरा."

"वा! तहजीब आहे हां पोरात."

तेवढ्यात त्यांच्या गळाला चांगला हातभर शेरी मासा लागला. "ये, तू ओढ!"

वाकलो असतो तर किंचाळलोच असतो. "तुमचा मासा, चाचा. मान तुमचा."

"हावरटही नाही!" चाचा खूश.

दीड तास! चहा उभ्याने. लग्नाची बोलणी उभ्याने. घाम टाचांपर्यंत. जरा हललो की गळ आठवण करून द्यायचा. पण एकेक गुण जमा होत होता. आता कबूल कसं करणार, सांगा?

शेवटी चाचांनी सामान आवरलं. "यल्ला, चल, गाडीत बस. डिस्कव्हरी गार्डन्सला तुझ्या घरी सोडतो."

बस!

"मी... मी चालत जातो."

"या उन्हात?"

"व्यायाम, चाचा!"

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीमागे लोंबणाऱ्या दोरीकडे. मान हलवून निघून गेले.

तासाभराने दवाखान्यात पालथा पडलो होतो. नर्स चिमट्याने गळ काढत होती, तेवढ्यात सानाचा मेसेज आला.

"अब्बा हो म्हणाले!!! फक्त विचारतायत, निकाहाला तरी खाली बसशील ना?"