पाव मैलाला किती सेकंद

साठच्या दशकाच्या शेवटी मी बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत, मोजमाप विभागात होते. पुण्याहून एकटी आलेली, विभागातली एकुलती एक बाई. स्टॉपवॉच माझ्या हातात असलं की सेकंदाच्या दहाव्या भागावरून कुणी माझ्याशी वाद घालत नसे.

त्या सुमारास एक अमेरिकन इंजिनिअर वर्षभरासाठी आमच्याकडे आला. येताना त्याने आपली मोटार बोटीने आणली होती. लांबलचक, दोन दारांची, आठ सिलिंडरची. जागेवरून सुटली की ती चौदा सेकंदांच्या आत पाव मैल कापते, असं तो चहाच्या वेळी सांगायचा. त्याच्याकडच्या मासिकात तसं छापलेलंही होतं. सगळे माना डोलवायचे. एक दिवस मी म्हटलं, "छापलेलं असू दे. आपण मोजू या." तो आनंदाने तयार झाला. त्याला गाडीची खात्री होती, मला घड्याळाची.

शहराबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी वापराविना पडून होती. तिची परवानगी मी काढली. रविवारी सकाळी आमच्या वर्कशॉपमधले अण्णा सोबत आले. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षं बंगळुरात, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. तरुणपणी त्यांनी लष्कराचे ट्रक चालवले होते. आम्ही दोघांनी मोजणीची साखळी टाकून पाव मैल मोजला आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजवीकडे बसले. त्याने पाय दाबला तशी मागची चाकं जागच्या जागी गरगरली, रबराचा वास सुटला, आणि मग मी पाठीमागे अशी दाबली गेले की मान उचलता येईना. तरी दुसऱ्या रेघेवर घड्याळ सतरा सेकंद दाखवत होतं. पुन्हा केलं, साडेसोळा. त्याने माझ्या अंगठ्यावर संशय घेतला. मी उतरले आणि अण्णांना घड्याळ देऊन माझ्या जागी बसवलं. त्यांचाही आकडा साडेसोळाच्या आसपासच आला.

मग मी वेगाचा काटा तपासायला घेतला. काटा शंभरावर स्थिर ठेवून दोन्ही रेघा ओलांडायला सांगितलं. खरोखर ताशी शंभर मैल वेग असता तर नऊ सेकंद लागले असते. लागले दहा. म्हणजे नव्वदच.

अण्णा मला म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा, सुटताना पाय स्वल्प हलका ठेवा. चाकं फिरून काय उपयोग, गाडी पुढे जायला पाहिजे." मी सांगितलं. त्याने ऐकलं. या वेळी पंधरा पूर्णांक सहा दशांश.

उरलेला फरक मी त्याला बॉनेटवर कागद ठेवून समजावला. बंगळूर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच. इथल्या विरळ हवेत इंजिनाची जवळजवळ दहावा हिस्सा ताकद जाते. आपलं पेट्रोलही हलक्या प्रतीचं. समुद्राकाठी, चांगल्या पेट्रोलवर ही गाडी साडेचौदापर्यंत येईल. त्याच्या खाली आणायची तर वेगळे टायर हवेत आणि मासिकासाठी मुद्दाम तयार केलेली गाडी हवी. त्याने आकडेमोड दोनदा तपासली. चूक सापडली नाही.

सोमवारी चहाच्या वेळी मी तो विषय काढला नाही. त्यानेच काढला. "पंधरा पूर्णांक सहा दशांश," तो सगळ्यांना म्हणाला, "हिने मोजलंय." एवढं बोलून त्याने कप उचलला. माझ्या मनातला त्याच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला.

आता माझी भाची इथल्या, बंगळूरच्याच जे. पी. नगरातून मला फिरायला नेते. तिची रोजची गाडी, एसी लावून, आवाजही न करता, मोकळ्या रस्त्यावर जवळपास तेवढीच पळते. तरी त्या गाड्या वेगवान नव्हत्याच असं कुणी म्हटलं, तर मी मान्य करणार नाही. आमची ऑफिसची जीप तेवढ्याच अंतराला अर्धा मिनिट घ्यायची. ती मोटार फार वेगवान होती. सांगितली जायची तेवढी मात्र नव्हती.