भिंतीकडे तोंड केलेली पुस्तकं

सुल्मामावशी कुणाच्याही घरी गेली की आधी माणसाकडे बघत नाही, पुस्तकांच्या कपाटाकडे बघते. तो तिचा धंदाच आहे. लोकांच्या घरी जायचं, पुस्तकं उतरवायची, पुसायची, पुन्हा लावायची, कुठे आडवी थप्पी, कुठे छोटी कुंडी, कुठे दिवा. लावून झालं की घर एकदम शहाणं दिसायला लागतं. पण तिचा स्वतःचा कपाटांवर काडीचा विश्वास नाही. रंगांप्रमाणे लावलेली दिसली की म्हणते, "हा वाचत नाही, रंगवतो." पुस्तकांपुढे मोठी फुलदाणी असली की आधी ती उचलून मागे बघते. आणि वास घेते. खरंच. पुस्तक उघडून नाक आत घालते. तिचं म्हणणं, एका घरातली सगळी पुस्तकं एकसारखा वास मारतात, कुठे ओल, कुठे तंबाखू, कुठे परतलेला कांदा.

मी रोचा या लहान गावाहून राजधानीत, मोन्तेविदेओला, शिकायला आले तेव्हापासून तिच्याकडेच राहते, त्यामुळे हे सगळं मी रोज ऐकते. माझ्यावरही तिचा संशय असतोच, की मी अभ्यासाच्या नावाखाली झोपते. तो बरोबर आहे.

तर या थंडीत तिला वॉशिंग्टन बेन्तांकुर नावाच्या माणसाचा फोन आला. हो, नाव वॉशिंग्टनच, आमच्याकडे त्या वयाच्या म्हाताऱ्यांत असली नावं खोऱ्याने सापडतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होता, आता रिटायर. मावशी गेली आणि आली ती गप्प. तिचं गप्प बसणं म्हणजे घरात गॅस सुटल्यासारखं असतं.

"काय झालं?"

"पुस्तकं उलटी लावलीयेत."

"म्हणजे डोक्यावर?"

"म्हणजे नावं भिंतीकडे. पानं बाहेर. अख्खी भिंत. एकाही पुस्तकाचं नाव दिसत नाही."

मी म्हटलं, अगं हल्ली फॅशन आहे ती, फोनवर बघ, सगळं कसं फिकट, शांत दिसतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन खाली ठेवला.

मग तिने सांगितलं. लष्कराचं राज्य होतं तेव्हा ती नऊ वर्षांची. तिचे बाबा छापखान्यात होते. एका संध्याकाळी त्यांनी घरातली सगळी पुस्तकं अशीच फिरवली, नावं भिंतीकडे, म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या माणसाला वाचता येऊ नयेत. त्या वेळी बऱ्याच घरांत फिरवली होती म्हणे. सैनिक आले आणि त्यांनी पहिली तीच उचलली, कारण सरळ माणूस पुस्तकं उलटी कशाला ठेवेल. पुस्तकंही नेली, बाबांनाही नेलं. बाबा परत आले. पुस्तकं नाही आली.

"आणि बाबा पण अर्धेच आले," ती म्हणाली आणि मातेचं, आमच्या त्या कडू पाल्याच्या चहाचं, पाणी तापवायला उठली.

मला रडूच यायला लागलं, पण ती भांडी आपटत होती म्हणून गप्प बसले.

तिला वाटलं होतं की वॉशिंग्टन कुणाला तरी घाबरत असेल. पण दुसऱ्या खेपेला तिने वास घेतला. आणि घरी येऊन म्हणाली, "यामिला, प्रत्येक पुस्तकाचा वास वेगळा आहे. ती एका घरातली नाहीत. वीस घरांतली आहेत."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या वेळी लोकांच्या घरांतून नेलेली पुस्तकं गेली कुठे? कुणाच्या तरी घरी गेलीच असणार. आणि वॉशिंग्टन तेव्हा विशीतला, सैनिकांच्या वयाचा.

"विचारलंस त्याला?"

"म्हटलं, थोडी फिरवते, नावं दिसू देत. तर म्हणाला, नको नको, फिरवू नका, असंच आवडतं मला. आणि कान लाल."

"मग सोडून दे ना काम."

पण तिथेच खरी गोची होती. कारण मावशी त्याच्याकडे दर आठवड्याला जात होती, आणि एक कपाट लावायला एवढे आठवडे लागत नाहीत. तो माते बनवून द्यायचा, ही प्यायची. तो लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे किस्से सांगायचा आणि ही घरी येऊन मला ते सांगताना हसायची. लिपस्टिक लावून धूळ पुसायला कोण जातं? नवरा सोडून गेल्यापासून मी तिला कुणाबद्दल दोन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. आता तो म्हणत होता की रविवार माझ्याकडेच घालवत जा. तिला जायचं होतं. आणि तिला भीती होती की आपण त्याच हातांचं माते पितोय ज्या हातांनी आपल्या घरातली खोकी उचलली.

मग एकोणतीस तारीख आली. एकोणतीसला घरोघरी न्योकी, बटाट्याचे ते छोटे गोळे, आणि ताटाखाली नोट ठेवायची म्हणजे पुढचा महिना बरा जातो. वॉशिंग्टनने दोघींना दुपारी जेवायला बोलावलं. न्योकीला बोलावतात ते घरच्यांना. मावशी जिना चढताना म्हणाली, "तो स्वयंपाकघरात गेला की तू त्याला बोलण्यात गुंतव. मी एक पुस्तक काढून बघते."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर न्योकी न खाता जायचं."

दार उघडलं तर हा माणूस केस विंचरून, स्वेटरवर पीठ सांडलेला. "या, या सुल्माबाई. ही भाची का? मावशीसारखीच दिसते, फक्त कमी रागीट."

"तिला अजून ओळखत नाही तुम्ही," मावशी म्हणाली.

भिंत खरंच तशीच होती. सगळी पिवळट पानं, आणि मध्ये मध्ये मावशीने ठेवलेल्या कुंड्या आणि दिवा. सुंदर दिसत होतं, आणि मला ते सुंदर दिसतंय याचाच राग आला.

ताटं मांडली. त्याने आपल्या ताटाखाली नोट सरकवली, मी सरकवली. मावशीने पर्स उघडलीच नाही.

"विसरलात?" त्याने विचारलं.

"नाही."

तो न्योकी उपसायला आत गेला. मी त्याच्यामागे जायचं ठरलं होतं. गेलेही. पण तिथे तो वाफेत उभा, चष्म्यावर धुकं, हातात झारा, आणि गुंतवायला मला एकही विषय सुचेना आणि माझ्या तोंडून थेट निघालं, "तुम्ही लष्करात होतात का?"

झारा तसाच राहिला.

"मी?" तो म्हणाला. "नाही गं पोरी. माझे पाय सपाट आहेत, असल्यांना घेत नाहीत. का?"

तेवढ्यात बाहेरून धप्प आवाज आला. आम्ही दोघं धावलो. मावशीने एक नाही, अख्खा कप्पा जमिनीवर ओतला होता आणि मधोमध गुडघ्यांवर बसून एकेक पुस्तक उलटं करत होती. 'दुभत्या गाईंचे रोग.' 'दंतवैद्यकाची मूलतत्त्वे', भाग तीन. पुन्हा भाग तीन. पुन्हा भाग तीन. जुनी टेलिफोन डिरेक्टरी. शिवणयंत्राची माहितीपुस्तिका, कातडी बांधणीची, जर्मन भाषेत.

"हे काय आहे?" मावशीने विचारलं.

वॉशिंग्टन दारातच उभा. "पुस्तकं."

"कुणाची?"

"माझी. म्हणजे, रविवारच्या बाजारातली. तो मांजरवाला आहे ना, खोक्यांवर मांजर बसलेलं असतं, त्याच्याकडून खोक्यांनी घेतली. न बघता." त्याने झारा मागे लपवला, उगाच. "तुम्ही तिथे येता रविवारी. मी बघायचो. मांजरवाला म्हणाला, ही बाई फक्त पुस्तकांच्या कामाला जाते, दुसरं काही सांगितलं तर हाकलते. माझ्याकडे एक पुस्तक नव्हतं. तुम्ही कशाला आला असतात?"

"आणि उलटी का?"

"दंतवैद्यक तीन वेळा दिसलं असतं म्हणून. मांजरवालाच म्हणाला, हल्ली लोक अशीच लावतात, खपून जाईल."

मला हसू फुटणार होतं. वास वेगळे असणारच ना, बाजारातली खोकी वीस घरांतूनच येतात. हे मावशीला, दर रविवारी त्या बाजारातून पुस्तकं आणणाऱ्या बाईला, सुचलं नाही, कारण भीती आधी धावते. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"माझ्या बाबांनी फिरवली होती अशी," ती म्हणाली. "त्या वर्षांत. तरी नेली त्यांना. आणि मी इतके आठवडे इथे बसून तुझे हात बघत होते, की हेच होते का ते." ती पहिल्यांदाच त्याला तू म्हणाली, पण प्रेमाने नाही.

त्याचा चेहरा उतरला. खाली बसला, तिच्यापासून लांब. "मला सुचलंच नाही."

"सुचायला हवं होतं. तू तेव्हा इथेच होतास. लहान नव्हतास."

"होतो इथेच." त्याने झारा जमिनीवर ठेवला. मग म्हणाला, "आमच्या घरी पुस्तकं नव्हती. म्हणून कुणी आलंच नाही. आम्ही लिफ्ट दुरुस्त करत होतो. वरच्या मजल्यावरच्या लोकांना नेलं ते कळलं, आम्ही दार लावून घेतलं."

मला वाटलं आता ती उठणार, पर्स घेणार. मी तिचा कोट शोधायलाही लागले. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं, कारण हे खरं होतं आणि खऱ्याचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. आत न्योकींचा लगदा होत होता.

मावशीने त्याच्याकडे बघितलं, म्हणजे नेहमी कपाटाकडे बघते तसं, कप्प्याकप्प्याने. मग गाईंचे रोग उचलले आणि कपाटात ठेवले. नाव बाहेर.

"मी मदत करू?" त्याने विचारलं.

"हात लावू नकोस. मी लावते. तू वाच."

"काय?"

"नावं. मी ठेवते तसं एकेक मोठ्याने वाच. ऐकू दे जिन्यात."

तो वाचायला लागला. दंतवैद्यकाची मूलतत्त्वे, भाग तीन. जर्मन पुस्तकाशी अडखळला तर ही म्हणाली, "पुढे जा, ते शिवणयंत्र आहे, त्याला कुणी पकडत नाही." दोन कप्पे झाले. तिसरा झाला. न्योकी आम्ही चमच्याने खाल्ल्या, खिरीसारख्या, आणि कुणी तक्रार केली नाही.

परतताना मी रस्त्यात विचारलं, "मग? रविवारी जाणार?"

"तो खरं बोलला की खरं बोलण्यासारखं बोलला, अजून कळलं नाही मला," मावशी म्हणाली. कोपऱ्यावर कोटाची कॉलर वर केली. मग म्हणाली, "खालचा कप्पा बघायचा राहिलाय. जावं तर लागेलच."